खाऱ्या पाण्यातल्या माशांना दिवसातून नेमकं किती वेळा खायला घालायचं?

निळाई | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथले धागे बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

आमच्याकडे कोथरूडला हॉलमध्ये पाच महिन्यांपासून खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीन फूट बाय दीड बाय दीड. खडक आणि वाळू वजा जाता पाणी साधारण १६० लिटर. दोन ऑसेलॅरिस क्लाउन, एक रॉयल ग्रामा, एक लॉनमोअर ब्लेनी असे चार मासे, शिवाय दोन हर्मिट खेकडे आणि चार टर्बो गोगलगायी. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) आहे. विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २६.

दुकानदारांनी सांगितलं, दिवसाआड घाला. एका व्हिडिओत पाच वेळा सांगतात. डब्यावर दोन ते तीन वेळा लिहिलंय. मी सकाळी ऑफिसला निघताना पेलेट घालते आणि रात्री आल्यावर फ्रोझन मायसिसचा (कोलंबीसारखे बारीक जीव) अर्धा क्यूब.

आता अडचण अशी. नायट्रेट ४० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आलंय आणि वाळूवर लाल-जांभळा बुळबुळीत थर धरायला लागलाय. म्हणजे खाणं जास्त होतंय, बरोबर? पण आज ब्लेनी काचेला चिकटून बसली होती, तेव्हा तिचं पोट खालून दिसलं. पार आत गेलंय, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखं. मला रडूच आलं. एकाच टाकीत खाणं जास्तही आणि कमीही कसं होऊ शकतं?

बावधनकर | ३ ऑगस्ट, रात्री ११:०५

क्लाउन आणि ग्रामाला दिवसातून दोनदा पुरे. दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. तो लाल थर म्हणजे सायनो (सायनोबॅक्टेरिया). फोटो टाका.

खारफुटी | ४ ऑगस्ट, सकाळी ७:२०

निळाईताई, आकडा सांगण्याआधी तीन गोष्टी विचारतो.

१. घरात तुमच्याशिवाय आणखी कोण खायला घालतं?
२. टाकीच्या काचा किती दिवसांनी पुसता?
३. पेलेट टाकल्यावर ब्लेनी वर येते का, की खडकावरच बसून राहते?

तिसऱ्याचं उत्तर आज सकाळी नीट बघून द्या. पाच मिनिटं टाकीसमोर नुसतं बसा.

निळाई | ४ ऑगस्ट, रात्री ९:१५

खारफुटीदादा, तुम्ही विचारलंत म्हणून घरात विचारलं आणि मग सगळा उलगडा झाला.

माझे सासरे पहाटे पाचला उठतात. आंघोळ, देवपूजा झाली की टाकीचा दिवा लावतात. दिवा लागला की दोन्ही क्लाउन पुढच्या काचेशी येऊन वरखाली नाचायला लागतात. "तोंड वासून उभी असतात गं, उपाशी कसं ठेवायचं मुक्या जिवांना?" असं म्हणाले. तेव्हा चिमूटभर त्यांची. मुलगा शाळेतून आला की एक चिमूट त्याची. आणि माझं दोनदा. म्हणजे चार वेळा, आणि कोणाला कोणाचा पत्ता नाही.

काचा मी दर दोन दिवसांनी चुंबकाने लख्ख पुसते. खडकावरचं हिरवंही टूथब्रशने घासते.

ब्लेनी आज बसून पाहिली. पेलेट वरून पडत होते तेव्हा ती जागची हलली नाही. एक दाणा अगदी तोंडासमोर पडला, तिने एकदा तोंडात घेतला आणि थुंकला. बाकी सगळं क्लाउननी वरच्या वर संपवलं. ग्रामा आपल्या कपारीतून दोनदा बाहेर आला तेवढाच. उरलेले दाणे खडकामागे गेले.

खारफुटी | ४ ऑगस्ट, रात्री १०:५०

हेच वाटलं होतं. तुमच्या टाकीत चार जणांचं जेवण पडतंय आणि ते दोघं खातायत.

आपण "मासे" म्हणून सगळ्यांना एका पंगतीला बसवतो, तिथेच घोळ होतो. समुद्रात प्रत्येकाची खाण्याची रीत वेगळी. क्लाउन समुद्रफुलाच्या आसपास राहून प्रवाहातून वाहत येणारे बारीक जीव टिपतात, थोडं शेवाळंही खातात. म्हणून वरून पडणारा दाणा ते लगेच घेतात. ग्रामाही प्रवाहातलंच टिपतो, पण तो बुजरा. कपारीच्या तोंडाशी काही आलं तर खाईल. लॉनमोअर ब्लेनीचं तसं नाही. ती दिवसभर खडक खरवडत फिरते. तिच्या तोंडाची ठेवणच कंगव्यासारखी, खडकावरचा शेवाळाचा पातळ थर आणि त्यात अडकलेला गाळ ओरबाडायची. म्हणजे तुम्ही काचा लख्ख करता आणि खडक ब्रशने घासता, तेव्हा तिच्या ताटातलं काढून घेता. हा मासा "टाकी साफ ठेवतो" म्हणून विकला जातो आणि स्वच्छ टाकीत उपाशी मरतो. मी माझा पहिला असाच गमावला आहे. अजून आठवलं की वाईट वाटतं.

उद्यापासून एवढं करा.

काचांपैकी फक्त पुढची पुसा. मागची आणि बाजूच्या दोन्ही सोडून द्या. खडकाला ब्रश लावू नका. नोरी आणा, सुशीसाठी मिळते तीच, पण मीठ-मसाला-तेल काही न लावलेली. काडेपेटीएवढा तुकडा क्लिपने खडकाजवळ, खालच्या बाजूला अडकवा. पहिले काही दिवस ती ओळखणार नाही, तरी रोज लावा. स्पिरुलिना असलेले बुडणारे पेलेटही हळूहळू घेते.

क्लाउन-ग्रामासाठी दिवसातून दोन वेळा, एवढंच. आणि क्लाउन नाचतात ते भुकेने नाचतात असं नाही. दिवा लागला, माणूस आलं, की खायला मिळतं हे ते शिकलेत. पोट भरलेलं असलं तरी नाचतील. भूक ओळखायची तर माशाला समोरून आणि वरून बघा. डोक्यामागची पाठ भरलेली आणि पोट किंचित गोल हवं. डोक्यामागे खळगा पडला किंवा पोट आत गेलं तर तो मासा कमी पडतोय, मग टाकीत कितीही खाणं पडत असो.

शिंपला | ५ ऑगस्ट, दुपारी ४:१०

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून मला हे हिशोबाने सांगितल्याशिवाय राहवत नाही. निळाई, हे एकदा कागदावर मांडून बघ, डोळे उघडतात.

कोरड्या पेलेटमध्ये साधारण ४५ टक्के प्रथिनं असतात (तुझ्या डब्यावर आकडा असेल, तो घे). प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे १ ग्रॅम पेलेटमधून ०.०७२ ग्रॅम नायट्रोजन. माशाने खाल्लं तरी आणि खडकामागे कुजलं तरी, त्याचा अमोनिया होतो, बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रोजनचं नायट्रेट होताना वजन ४.४३ पट होतं. गुणाकार केला की १ ग्रॅममागे सुमारे ३२० मिलिग्रॅम नायट्रेट. ते तुझ्या १६० लिटरमध्ये वाटलं तर २ पीपीएम.

काही भाग माशाच्या वाढीत जातो, काही स्किमर काढतो, थोडं शेवाळ घेतं. म्हणून २ हा वरचा आकडा समज. तरीही रोज १ ग्रॅम घातलं तर आठवड्याला १४ पर्यंत वाढ होऊ शकते. आणि तू आठवड्याला २० टक्के पाणी बदललंस, तर ४० चं ३२ होतं, म्हणजे ८ उतरतात. जमा १४, खर्च ८. टाकी दर आठवड्याला मागे पडणारच.

दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा आण, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. तिघांची एक-एक चिमूट एका वाटीत टाकून मोज. मला उत्सुकता आहे.

निळाई | ५ ऑगस्ट, रात्री १०:०५

शिंपलाताई, मोजलं. माझी चिमूट ०.३. मुलाची ०.४. सासऱ्यांची ०.७! रोज १.४ ग्रॅम पेलेट, वर अर्धा क्यूब मायसिस. सासरे स्वतः काट्यापाशी बसले होते. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मी त्यांचं पाणी नासवत होतो की काय?" मला फार वाईट वाटलं.

शिंपला | ५ ऑगस्ट, रात्री १०:३०

त्यांना सांग, मायेपोटी झालंय आणि वेळेत कळलंय. मासे जिवंत आहेत, अमोनिया शून्य असेल तर काही बिघडलेलं नाही. त्यांचं काम काढून घेऊ नकोस हं. सकाळची वेळ त्यांचीच राहू दे, फक्त मोजून.

औषधांच्या दुकानात आठवड्याच्या गोळ्यांची डबी मिळते ना, सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळ असे चौदा खण असलेली? रविवारी तू बसून खणाखणात मोजलेले दाणे भर. खण रिकामा दिसला की घालून झालंय, हे घरातल्या प्रत्येकाला कळतं.

बावधनकर | ६ ऑगस्ट, सकाळी ८:४०

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. "दोनदा पुरे" हे तुमच्या माशांना लागू, सगळ्यांना नाही. नवीन लोक हा धागा वाचून अँथियास आणतील आणि दिवसातून दोनदाच घालत बसतील.

माझ्याकडे ६०० लिटरमध्ये पाच लायरटेल अँथियास आहेत. हा मासा दिवसभर प्रवाहात उभा राहून प्लवंग टिपणारा. एका वेळी पोटात फार मावत नाही आणि अंगातली ऊर्जा भराभर संपते. मी सुरुवातीला दोनदा घालत होतो. दीड महिन्यात त्यांच्या पाठी धारदार दिसायला लागल्या. आता चार वेळा घालतो. दोनदा ऑटोफीडरमधून बारीक पेलेट, दोनदा हाताने मायसिस. एकूण वजन पूर्वीएवढंच आहे बरं का, फक्त चार भाग केलेत. नायट्रेट वाढलं नाही आणि पाठी भरल्या.

म्हणून "किती वेळा" आणि "किती" हे दोन वेगळे प्रश्न धरा. पाणी बिघडतं ते "किती" मुळे.

खारफुटी | ६ ऑगस्ट, सकाळी ९:३०

बावधनकरांशी पूर्ण सहमत. टँगचंही तसंच, तो चरणारा मासा, त्याला दिवसभर तोंडाशी काहीतरी हिरवं हवं. मँडरिन तर जिवंत कोपेपॉड, म्हणजे ठिपक्याएवढे जीव, टिपत दिवस काढतो. जुनी, मोठी, खडकांनी भरलेली टाकी नसेल तर कृपा करून आणूच नका. रंगाला भुलून आणलेला मँडरिन दोन-तीन महिन्यांत झिजून जातो.

भरतीओहोटी | ६ ऑगस्ट, रात्री ११:२०

दुसऱ्या टोकाचं उदाहरण देतो. माझा लायनफिश. आठवड्यातून तीन वेळा, बस. शिकार करून गिळणारा मासा, रोज घातलं तर रोज खाईल, आणि त्यानेच यकृतात चरबी साठून मरेल. मी चिमट्यात कोलंबीचा तुकडा धरून हलवतो. गप्पी-मोलीसारखे गोड्या पाण्यातले जिवंत मासे अजिबात घालू नका, त्यांच्यातली चरबी समुद्री माशांना मानवत नाही.

पाटावरवंटा | ७ ऑगस्ट, सकाळी ११:००

कोलंबीचा विषय निघालाय म्हणून लिहिते. माझं माहेर मालवणचं, मासळी कळते. फ्रोझन क्यूब महाग पडतात त्यांनी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून आणून घरी करावं. मी कोलंबी, माकूल (स्क्विड) आणि तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) मांस समान घेते. मीठ-हळद काही लावायचं नाही, हे घरात बजावून सांगा. स्वच्छ धुवून, अगदी मोहरीच्या दाण्याएवढं बारीक चिरून, झिपच्या पिशवीत पापडासारखं पातळ पसरून फ्रीजरला. लागेल तेवढा तुकडा मोडून घ्यायचा.

घालताना टाकीतलंच पाणी वाटीत घेऊन वितळवा, मग चहाच्या गाळणीत धरून ते पाणी ओतून द्या. त्या पाण्यात फॉस्फेट असतं, शेवाळाला तेच हवं असतं. विकतच्या क्यूबलाही हेच करा.

नुसत्या कोलंबीवर मात्र मासे ठेवू नका. कच्च्या कोलंबीत आणि काही माशांत ब१ जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम असतं. आलटून पालटून घाला, सोबत चांगले पेलेट असू द्या.

नवीनटाकी | ७ ऑगस्ट, दुपारी १:४५

मध्येच विचारतो. मुलीला समुद्री घोडा हवाय. त्याला किती वेळा लागतं?

खारफुटी | ७ ऑगस्ट, दुपारी २:३०

घोड्याला जठरच नसतं, खाल्लेलं साठत नाही. दिवसातून दोन-तीनदा, तेही हळू वाहणाऱ्या पाण्यात त्याच्या तोंडासमोर जाईल असं द्यावं लागतं. पण त्याआधीची गोष्ट महत्त्वाची. समुद्री घोडे आणि प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे. आपल्या समुद्रातले पकडणं-विकणं गुन्हा आहे. कोणी "कोकणातून आणून देतो" म्हणालं तर तिथूनच मागे फिरा.

मुलीसाठी क्लाउनची जोडी घ्या, टाकीत पैदास झालेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजमला क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय, त्यामुळे आता देशात वाढवलेले क्लाउन मिळतात. ते पहिल्यापासून पेलेट खातात, समुद्रातून पकडलेल्यासारखं रुळवावं लागत नाही.

निळाई | १२ ऑगस्ट, रात्री ९:५०

आठवड्याची खबर. डबी आणली. सकाळचा खण ०.२ ग्रॅम, सासऱ्यांकडे. संध्याकाळी फ्रोझन असेल त्या दिवशी खण रिकामा, नाहीतर ०.२. मुलाला गाळणीचं काम दिलंय, तो खूश. खायला घालताना रिटर्न पंप आणि वेव्हमेकर (पाणी फिरवणारी यंत्रं) दहा मिनिटं बंद ठेवते, त्यामुळे दाणे खडकामागे जात नाहीत आणि ग्रामालाही मिळतं.

पण नोरीकडे ब्लेनी बघतसुद्धा नाही. सात दिवस झाले. काय करू?

खारफुटी | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

पंप परत लावायचा गजर फोनमध्ये ठेवा. मी एकदा रात्रभर विसरलो होतो, सकाळी मासे पृष्ठभागाशी श्वास घेत होते.

नोरी क्लिपऐवजी छोट्या सपाट दगडाला रबरबँडने गच्च बांधा आणि ती बसते तिथे ठेवा. तिला लोंबणारं पान ओळखू येत नाही. दगडाला चिकटलेलं हिरवं ओळखू येतं.

निळाई | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

खाल्लं!!! सासऱ्यांनी मला उठवून नेलं. दगड ठेवून वीस मिनिटंही झाली नव्हती. आधी दगडाभोवती दोन फेऱ्या, मग टेकून बसली, आणि डोकं पुढे झटकून टक्-टक् ओरबाडायला लागली. नोरीवर तिच्या ओठांचे अर्धगोल ठसे उमटलेत, नखाएवढे.

शिंपला | १३ ऑगस्ट, सकाळी ७:३०

वा! दिवसच चांगला गेला माझा.

निळाई | १८ ऑगस्ट, रात्री ८:२०

नायट्रेट २५. सायनो अर्ध्यावर आलाय, वाळूवरचा थर पाणी बदलताना नळीने ओढून घेते. (पाणी बुधवारीच बदलते. बऱ्याचदा गुरुवारी नळाला पाणी नसतं आणि आरओ भरायला रात्र जाते.)

आता पुढची काळजी. गणपतीला आम्ही सगळे सहा दिवस गुहागरला. शेजारच्या काकू प्रेमाने घालतील, पण प्रेमाचीच भीती वाटते.

बावधनकर | १८ ऑगस्ट, रात्री ९:००

ऑटोफीडर पावसाळ्यात भरवशाचा नाही, आत दमट हवा जाऊन दाणे लगदा होतात. ठेवायचाच तर आधी आठवडाभर घरी असताना चालवून बघा. शिवाय आधीच्या दिवशी नवीन पेलेट भरू नका, दाण्याच्या आकारावर माप बदलतं.

खारफुटी | १८ ऑगस्ट, रात्री ९:४५

तुमचे क्लाउन आणि ग्रामा निरोगी आहेत, दिवसाआड मिळालं तरी त्यांना काहीही होणार नाही. काकूंना डब्याऐवजी फक्त तीन पुड्या द्या, प्रत्येकी ०.२ ची, वर वार लिहून. मुख्य डबा कपाटात कुलूपबंद. काकूंचं खरं काम बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरणं. साधं आरओ पाणी, खुणेपर्यंत. मीठ उडून जात नाही, म्हणून मिठाचं नको.

लाइट गेली तर काहीही घालायचं नाही, हे दारावर चिकटवून जा. पचनाला ऑक्सिजन लागतो आणि पंप बंद असताना तोच कमी असतो. बॅटरीवरचा एअर पंप लावून ठेवा.

ब्लेनीसाठी बाजूच्या काचा तशाच हिरव्या राहू द्या, सहा दिवस तिला पुरेल. निघताना नोरीचा दगड मात्र बाहेर काढा.

निळाई | २ सप्टेंबर, रात्री १०:१५

परत आलो. सगळे ठणठणीत. तिन्ही पुड्यांचे रिकामे कागद काकूंनी जपून ठेवले होते. नायट्रेट १५. बाजूच्या डाव्या काचेवर खालपासून वरपर्यंत ब्लेनीच्या ओठांची नक्षी आहे, रांगोळीचे ठिपके काढावेत तशी. पोट भरलंय, आज समोरून बघितलं.

सासरे विचारतायत, नोरीचा दगड आता रोज ठेवायचा की दिवसाआड?

खारफुटी | २ सप्टेंबर, रात्री १०:५०

काचेवर ठसे दिसतायत तोवर दिवसाआड. काच उघडी पडायला लागली की रोज. दुपारपर्यंत उरलेला तुकडा काढून टाका, सुटून ओव्हरफ्लोच्या (टाकीतून पाणी बाहेर जातं तिथल्या) जाळीत अडकतो. काकांना नमस्कार सांगा.